कन्नड 'सुम्मने'ला मराठीत काय लिहावं? निमूटपणे, मुकाट्याने की गुमान?

घटप्रभा

एका कन्नड ग्रामीण कथेचं मराठी भाषांतर करते आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं गाव, देसायांचा वाडा आणि त्यांचा सालगडी. गडी मोजकंच बोलतो आणि सांगितलेलं ऐकतो. लेखकाने तीन ठिकाणी 'सुम्मने' वापरलंय आणि एका ठिकाणी 'विधेयतेयिंद'. मूळ वाक्यं जशीच्या तशी देत नाही, पण सांगाडा असा आहे:

१. अवनु सुम्मने एद्दु होद. ('एद्दु होद' म्हणजे उठून गेला. निवेदन. जेवणावरून उठवून पाणी पाजायला पाठवलंय.)
२. "सुम्मने होगु!" ('होगु' म्हणजे जा. देसाई ओरडतात.)
३. कट्ट्यावर सुम्मने कुळितिद्द. ('कुळितिद्द' म्हणजे बसला होता. संध्याकाळ. कुणी काही सांगितलेलं नाही.)
४. विधेयतेयिंद तले बागिसिद. ('तले बागिसिद' म्हणजे मान झुकवली. पाहुण्यांसमोर.)

माझ्या कच्च्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'निमूटपणे' आलंय आणि वाचताना ते खटकतंय. निमूटपणे, मुकाट्याने, गुमान, आज्ञाधारकपणे, बिनबोभाट यांच्या अर्थात नेमका फरक काय? निवेदनात कोणता चालतो, संवादात कोणता? आणि 'निमूट'चा मू ऱ्हस्व की दीर्घ? छापील पुस्तकांत दोन्ही दिसतात.

मुद्रितशोधक

लेखन आधी उरकू. 'निमूट'मधला मू दीर्घ. 'पणे' लागताना शब्दाचं सामान्यरूप होत नाही, म्हणून तो दीर्घच राहतो: निमूटपणे. ('गरीब'चं 'गरिबाला' होतं पण 'गरीबपणे' तसंच राहतं, तो हाच प्रकार.) 'मुकाट्याने'त मु ऱ्हस्व, कारण तो आपल्या 'मुका'च्या घरातला. 'मूकपणे'त दीर्घ, कारण 'मूक' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. हे तीन शब्द एकाच पानावर आले की जुळारीही (छापखान्यात अक्षरं जुळवणारा) चुकतो आणि तपासणाराही.

१९६२च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत 'मुकाट्यानें', 'निमूटपणें' असा अनुस्वार असतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात किंवा जुन्या मजकुरात शोधताना तो देऊनही पाहा, नाहीतर शब्द असून सापडणार नाही.

आता अर्थ. कोशात हे सगळे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले असतात. त्याचा भाषांतराला उपयोग नाही. वाक्यात घालून बघायचं.

पहिली कसोटी आज्ञार्थाची. "मुकाट्याने घरी चल" सरळ बसतं. "गुमान घरी चल" त्याहून दमदार. "निमूटपणे घरी चल" चालतं, पण बोलणारा पुस्तकी वाटतो. "आज्ञाधारकपणे घरी चल" कुणी म्हणतच नाही, म्हटलं तर लोक हसतील. 'मुकाट्याने' हा हुकूम देणाऱ्याचा शब्द आहे. 'निमूटपणे' बाजूला उभं राहून बघणाऱ्याचा. 'आज्ञाधारकपणे' हा प्रगतिपुस्तकात शेरा लिहिणाऱ्याचा, आणि कथेत आला तर बहुतेक वेळा टोमणा मारणाऱ्याचा.

दुसरी कसोटी बोलण्याची. "खरं काय ते मुकाट्याने सांग." शब्दशः पाहिलं तर हे विसंगत आहे, मुक्याने सांगायचं कसं? तरी वाक्य अगदी घरगुती आहे. म्हणजे 'मुकाट्याने'चा अर्थ 'न बोलता' इथून सरकून 'उलट न बोलता, आढेवेढे न घेता' इथवर आलाय. 'निमूटपणे' तितका सरकलेला नाही. "खरं काय ते निमूटपणे सांग" कानाला लागतं.

तिसरी कसोटी दबावाची. "तो मुकाट्याने जेवत होता" या वाक्यात कुणी दटावलेलं असेलच असं नाही, नुसता अबोलाही असू शकतो. "तो निमूटपणे जेवत होता" म्हटलं की वाचक लगेच विचारतो, काय झालं? कुणी बोललं का त्याला? निमूटपणामागे न उच्चारलेला नकार असतो. म्हणून त्याची नेहमीची क्रियापदं बघा: सहन करणे, सोसणे, ऐकून घेणे, मान्य करणे, भरणे (दंड, व्याज). 'मुकाट्याने'ची क्रियापदं वेगळी: चल, बस, ऊठ, झोप, खा, दे.

'बिनबोभाट' या यादीतून काढूनच टाका. बोभाटा म्हणजे गवगवा. काम बिनबोभाट झालं म्हणजे बाहेर कळलं नाही, तक्रार-आरडाओरड झाली नाही. त्यात कुणी कुणाचं ऐकलं हा मुद्दाच नसतो. 'गपचूप' दोन्हीकडे जातो: "गपचूप बस" यात धाक आहे, "गपचूप पैसे काढले" यात चोरी. 'गुपचूप'मध्ये बहुतेक वेळा चोरीच.

तुमच्या पहिल्या वाक्याला 'निमूटपणे' योग्य, दुसऱ्याला 'मुकाट्याने'. तिसऱ्याला यातला एकही नको. चौथ्याबद्दल कन्नड जाणणाऱ्यांनी सांगावं.

खानापूरकर

तिसऱ्याबद्दल बोलतो, कारण घोळ तिथंच आहे. 'सुम्मने'चे किमान तीन उपयोग आहेत आणि बेळगावात वाढलेल्या मराठी माणसालासुद्धा ते वेगळे काढता येत नाहीत, कारण तो ते रोज वापरतो.

एक, गप्प: "सुम्मनिरु" म्हणजे गप्प राहा. आपल्याकडच्या बोलीत हेच "सुम्न कुंद्र" (गप्प बस) असं ऐकू येतं.
दोन, कारणाशिवाय: "सुम्मने बंदे" म्हणजे सहज आलो, काही काम नाही.
तीन, फुकट, व्यर्थ: "सुम्मने हेळबेड" म्हणजे उगाच काहीतरी सांगू नको.

आणि गंमत बघा की, मराठीत हे तिन्ही अर्थ एकाच मुळाजवळ आहेत: उगा. रडणाऱ्या पोराला आपण 'उगी उगी' म्हणतो, तिथं तो गप्प या अर्थी. 'उगाच आलो' यात कारणाशिवाय. 'उगाच पैसे घालवले' यात व्यर्थ. संतांच्या मराठीत 'उगा राहणे' म्हणजे सरळ गप्प राहणे असंच आहे. आज प्रमाण मराठीत गप्प हा अर्थ पोरं निजवण्यापुरता उरला आणि 'उगाच' तेवढा पुढे चालत राहिला. कन्नडमध्ये दोन्ही अजून जिवंत आहेत.

तेव्हा कट्ट्यावर "सुम्मने कुळितिद्द" म्हणजे निमूटपणे बसला होता असं नव्हे. "नुसताच बसून होता" किंवा "उगाच बसला होता". तिथं 'निमूटपणे' घातलंत तर गड्याच्या आयुष्यात जो एक मोकळा क्षण आहे तोही देसायांच्या हुकुमाखाली जाईल. ही शैलीची बाब नाही, अर्थच चुकतो.

चौथं. कन्नडमध्ये 'विधेय' म्हणजे आज्ञेत राहणारा. कन्नड शाळेतल्या रजेच्या अर्जाखाली "तम्म विधेय विद्यार्थी" लिहितात, मराठी शाळेत "आपला आज्ञाधारक विद्यार्थी". मराठीत 'विधेय' म्हटलं की व्याकरणातलं उद्देश्य-विधेय आठवतं, फार तर विधानसभेतलं विधेयक. त्यामुळे 'विधेयपणे' असं काही लिहू नका, शब्द ओळखीचा वाटेल आणि अर्थ लागणार नाही. विधेयतेत मौन नाही. दाखवायची नम्रता आहे, पाहुण्यांसमोरची. म्हणून तिथं "अदबीनं मान लववली". 'आज्ञाधारकपणे मान झुकवली' हे मराठी नव्हे, कोशातून उचललेलं आहे.

घटप्रभा

तिसऱ्याचा घोळ लक्षात आला, धन्यवाद. पण यातून नवी अडचण. लेखकाने एकच शब्द तीनदा वापरलाय तो सहज असेल असं वाटत नाही. गड्याचं उठणं, देसायांचं ओरडणं आणि कट्ट्यावरचं बसणं, तिन्ही एका शब्दाने बांधलेत. मी निमूटपणे, मुकाट्याने, नुसताच असे तीन शब्द केले तर बांधणी सुटते. मराठीत एकच शब्द तिन्हीकडे चालवता येईल का? 'गप'? आणि सीमाभागाबाहेरच्या वाचकाला 'गपगुमान' कळेल का?

मोडीवाचक

एका शब्दाच्या प्रश्नावर इतर बोलतील. साहित्यातल्या वापराबद्दल लिहितो, कारण 'निमूटपणे' हा शब्द जुन्या मजकुराच्या अर्थातही घुसवला जातो.

रामदासांच्या मनाच्या श्लोकांतला सातवा घ्या: 'मना बोलणे नीच सोशीत जावे'. याचा गद्य अर्थ सांगताना 'लोकांचं वाईट बोलणं निमूटपणे सोसावं' असं सहज लिहून जातात. पण पुढचीच ओळ आहे 'स्वये सर्वदा नम्र वाचे वदावे'. म्हणजे गप्प बसायला सांगितलेलंच नाही. बोलायचंय, फक्त नम्रपणे. 'निमूटपणे' घातल्याबरोबर दुसरी ओळ पहिलीशी भांडायला लागते. तुकोबांच्या 'आलिया भोगासी असावें सादर' यातही तसंच. 'सादर' म्हणजे सामोरा, तयार, आदरासकट. तिथं 'निमूटपणे भोगावे' म्हटलं की न उच्चारलेला नकार आत येतो, आणि अभंगात तो नाही. सोसणं दिसलं की निमूटपणा चिकटवायचा ही अलीकडच्या गद्याची खोड आहे.

दप्तरी मराठीत आज्ञा पाळण्याचा शब्द निराळाच: बरहुकूम. 'आज्ञेबरहुकूम', 'नियमाबरहुकूम'. फारसी 'बर' म्हणजे वर, प्रमाणे. हा शब्द माणसाच्या मनाबद्दल काहीच सांगत नाही. हुकूम काय होता आणि काम त्याप्रमाणे झालं की नाही एवढंच. तुमच्या कथेत देसायांचा कारकून असेल तर त्याच्या तोंडी शोभेल, गड्याच्या संदर्भात नाही.

इथं बेळगावकरांनी एक सांभाळावं. आपल्या तहसीलदार कचेरीत जो शब्द रोज ऐकू येतो तो 'बगरहुकूम', आणि त्याचा अर्थ नेमका उलटा: हुकुमाशिवाय. सरकारी जमीन मंजुरी नसताना कसत असलेल्यांचे अर्ज, कर्नाटक भू-महसूल कायदा १९६४ खालचे नमुना ५०, ५३, ५७ वगैरे, ते सगळं बगरहुकूमचं प्रकरण. 'बर' आणि 'बगर' यांत एका अक्षराचा फरक, त्यामुळे मजकूर जुळवताना एकाच्या जागी दुसरा पडतो आणि नियमाप्रमाणे मिळालेली जमीन अतिक्रमणाची होऊन बसते.

'शिरसावंद्य' हा आणखी एक. तो विशेषण आहे: आज्ञा शिरसावंद्य. 'शिरसावंद्यपणे' असं क्रियाविशेषण होत नाही, 'शिरसावंद्य मानून' म्हणावं लागतं. आजच्या कथेत तो गमतीनेच येतो.

'गुमान'बद्दल एक. फारसीत त्याचा अर्थ शंका, अंदाज. हिंदीत गर्वसुद्धा. मराठी 'गुमान बस'मध्ये यातलं काहीच उरलेलं नाही, आणि 'बेगुमान' म्हणजे कशाची फिकीर न करणारा. तेव्हा मुळावरून वापर ठरवायला जाऊ नका, फसाल.

खानापूरकर

'गप' तिन्हीकडे चालेल का? चालेल, पण निवेदन बोलीत असेल तर. "तो गप उठून गेला." "गप जा!" "कट्ट्यावर गप बसला होता." तिसऱ्यात 'गप बसला होता' म्हणजे बोलत नव्हता एवढंच होतं, उगाच बसण्याची छटा जाते. तरी तिन्हीत सगळ्यात कमी नुकसान यात आहे. शिवाय हा शब्द उत्तर कर्नाटकातल्या कन्नड बोलीतही आहे, "गप्प कुंद्रु" म्हणतातच की. गडी कन्नड बोलतोय की मराठी हा प्रश्नच उद्भवत नाही.

'गपगुमान' बाहेर कळतं. कोल्हापूर, सांगली, सातारा सगळीकडे आहे. पुण्याचा वाचकही ग्रामीण कथा वाचून सरावलेला आहे. फक्त ते देसायांच्या तोंडी घालताना जरा थांबा. 'गपगुमान' बरोबरीच्याला किंवा पोराबाळांना म्हणतात, त्यात दटावणीबरोबर थोडी सलगी असते. तुमचे देसाई गड्याशी सलगीने वागतात का? नसतील तर "मुकाट जा" बरं. 'याने' गाळून नुसतं 'मुकाट' म्हटलं की आवाज आणखी कोरडा होतो. आणि मूळ लेखकाने तिथं 'सुम्मने'ऐवजी 'तेप्पगे होगु' (गप जा) लिहिलं असतं तर ते आणखी तिखट झालं असतं. त्याने तसं केलेलं नाही, म्हणजे देसायांचा आवाज त्याला फार चढवायचा नाही.

मुद्रितशोधक

मला हे पटत नाही. शब्दाची पुनरुक्ती कन्नडमध्ये दिसत नाही कारण 'सुम्मने' तिथे इतका रोजचा आहे की वाचकाची नजर त्यावर थांबत नाही. मराठी निवेदनात 'गप' तीनदा आला की थांबेल. मूळ लेखकाने लपवलेली गोष्ट भाषांतरात उघडी पडेल.

माझं मत: पहिल्या आणि तिसऱ्या जागी एकच रचना ठेवा, शब्द नव्हे. "काही न बोलता उठला आणि गेला." "काही न करता कट्ट्यावर बसून होता." 'काही न' हे दोन्हीकडे येतं, कानाला जोड कळते आणि डोळ्याला खुपत नाही. दुसरं वाक्य संवादाचं आहे, ते वेगळं राहिलं तरी बिघडत नाही.

'निमूटपणे'च ठेवायचं असेल तर जागा सांभाळा. "निमूटपणे उठून गेला" यात 'ऊन'मुळे दोन्ही क्रिया शब्दाखाली येतात, मूळ 'एद्दु होद'सारख्या. "निमूटपणे उठला आणि गेला" यात शब्द पहिल्या क्रियापदालाच चिकटतो, जाणं मोकळं राहतं. "उठला आणि निमूटपणे गेला" म्हटलं तर उठताना त्याने काही कुरकुर केली असावी असा संशय येतो. आणि "तो गेला. निमूटपणे." असं तोडून लिहू नका. गड्याबद्दल लेखकाला वाईट वाटतंय हे वाचकाला ढोसून सांगितल्यासारखं होतं.

जोडशब्दांची गर्दीही तपासा. 'काही न बोलता निमूटपणे', 'मान खाली घालून मुकाट्याने', 'मुकाट्याने गप्प बसला' ही सगळी दुबार कामं. मान खाली घातली ना, मग क्रियाविशेषण काढा. 'हूं की चूं न करता', 'ब्र न काढता' हे वाक्प्रचार निवेदनात एकदाच, तेही निवेदक गावातला असेल तर.

खानापूरकर

रचनेची जोड चांगली आहे, पण 'काही न बोलता' म्हटल्यावर दबाव गेला की हो. तुम्हीच वर म्हणालात, निमूटपणामागे नकार असतो. गड्याला जेवणावरून उठवलंय. तो नकार वाक्यात कुठं आहे?

मुद्रितशोधक

ताटात. अर्ध्या भाकरीचा उल्लेख मूळात असेल तर तो पुरेसा आहे. ताट दाखवलंत की निमूटपणा लिहावा लागत नाही. मूळात ताट नसेल तर मात्र तुमचं बरोबर, 'निमूटपणे' हवाच.

घटप्रभा

मूळात ताट आहे, आणि त्यावर झाकलेलं दुसरं ताटही. बायको झाकते.

म्हणून आत्ता असं केलंय:

१. तो काही न बोलता उठून गेला.
२. "मुकाट जा!"
३. काही न करता कट्ट्यावर बसून होता.
४. त्यानं अदबीनं मान लववली.

'निमूटपणे' आता पूर्ण कथेत एकदाच उरलाय, वेगळ्याच ठिकाणी: सावकाराच्या व्याजाचा हिशेब गडी निमूटपणे ऐकून घेतो. मूळात तिथं क्रियाविशेषणच नाही, नुसतं 'केळिद', ऐकलं. माझ्या हातून आपोआप आलंय.

मोडीवाचक

मग काढा. 'ऐकून घेतलं'मध्ये 'घेणे' आहेच, ते क्रियापदच निमूट आहे.

खानापूरकर

'ऐकून घेतलं' पुरेसं आहे. आणि तिसऱ्यात 'काही न करता'ऐवजी 'नुसताच' ठेवलंत तरी जोड तुटत नाही, तोंडात जास्त बसतं. एकदा मोठ्यानं वाचून बघा.